अण्णांच्या गाडीचं कुलूप

भानुदास अण्णा कुलूप लावून सरळ निघून जात नाहीत. आधी कुलपाला लोंबकळतात. मग दहा पावलं चालतात, परत येतात, दाराला पाय लावून पुन्हा ओढतात. तिसऱ्या वेळी कुलपाला कान लावतात. कान कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "खटका बसला का न्हाय, ते ऐकतो."

विजापूर रोडला त्यांचं घर आणि माझं घर एका भिंतीवर आहे. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गोदामावर गेली. चौदा कुलपं रोज लावायची आणि ओढायची. नोकरी संपली, ओढणं काही संपलं नाही. त्यांची बायको शांता गेली तेव्हा लोक तिला खांद्यावर घेऊन गल्लीत उभे होते आणि हा माणूस घराचं कुलूप ओढत होता. कोणी काही बोललं नाही. मी बोलले. म्हटलं, "अण्णा, चला आता, जायचं ते माणूस गेलं की." त्यांनी कान लावला, आणि मगच आले.

त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष हैदराबादला असतो. आईच्या दिवसांना आला, बारा दिवस राहिला, आणि जायच्या आधी बापाला गाडी घेऊन दिली. बापानं मागितली नव्हती. पोरांना थांबायचं नसलं की ती काहीतरी घेऊन देतात. माझ्या थोरल्यानं मला दोन दारांचा फ्रीज दिला आहे. एकटीचं वाटीभर दूध असतं त्यात.

गाडी बिनचावीची. म्हणजे चावी असते, पण ती कुठं घालायची नाही, नुसती खिशात ठेवायची. दाराच्या मुठीवर बटण आहे. ते दाबलं की गाडी पीक करून लागते, म्हणजे कुलूपबंद होते, आरसे मिटून घेते. चावीवाला माणूस जवळ आला आणि त्यानं मूठ धरली की उघडते. आत गेल्यावर चालू करायलाही बटणच.

आता अण्णांचा आणि असल्या गाडीचा संसार कसा व्हायचा? बटण दाबायचे, गाडी लागायची. दहा पावलं जायचे, परत येऊन मूठ ओढायचे. चावी खिशातच. गाडी उघडायची. अण्णा कपाळाला हात लावायचे. "लागतच न्हाय हो आक्का." पुन्हा बटण, पुन्हा दहा पावलं, पुन्हा उघडी. सकाळी भाजी आणायला निघालेला माणूस पाऊण तास गाडीभोवती पीक पीक करत फिरायचा आणि शेवटी चालत बाजारात जायचा.

मग ते सर्व्हिस सेंटरला तक्रार करायचे. तिथून मेकॅनिक यायचा. भला माणूस होता. त्यानं चावीतला सेल बदलला, मूठ खोलून बघितली, गाडीला यंत्र जोडून बघितलं. बटण दाबायचा, चावी घेऊन लांब जाऊन थांबायचा. गाडी लागलेलीच. तो असेपर्यंत अण्णा गाडीला बोट लावत नसत. हात मागं बांधून माझ्या ओट्याजवळ उभे राहत. तो गेला की दुसऱ्या दिवशी ओढाओढी सुरू.

एकदा त्यांनी चावी स्टीलच्या डब्यात घातली, डबा पिशवीत घातला आणि तक्रार केली की आता गाडी उघडतच नाही. मेकॅनिकनं डबा उघडला. चावीला शेंगाचटणी लागली होती. त्यानं ती पँटला पुसली, एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि निघून गेला.

गाडी संतोषच्या नावावर. प्रत्येक तक्रार त्याच्या मोबाईलवर जायची. मग संध्याकाळी त्याचा फोन. अण्णा ओट्यावर बसून आवाज मोठा करून ठेवायचे, सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. तो ओरडायचा, अण्णा, मला मीटिंगमधून उठावं लागतं, एक बटण दाबता येत नाही का तुम्हाला? अण्णा म्हणायचे, दाबतो की, पण लागत न्हाय. आणि त्याला श्वास घ्यायला थांबावं लागलं की मध्येच विचारायचे, जेवलास का, पोरीचा खोकला गेला का. तो सांगायचा आणि पुन्हा ओरडायचा. मला वाटायचं, काय निर्लज्ज म्हातारा आहे.

त्या पीक पीकनं माझं डोकं उठलं. एके सकाळी मी भाकरीचं पीठ तसंच टाकून बाहेर आले आणि म्हटलं, "आणा ती चावी हिकडं." चावी घेऊन मी गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीपर्यंत गेले आणि तिथून हाळी दिली, ओढा आता. त्यांनी ओढलं. उघडलं नाही. चाकाला पाय लावून ओढलं. नाही. मी चावी घेऊन परत आले, त्यांना ओढायला लावलं. उघडलं. मी म्हटलं, "तुमच्याच खिशात तिची चावी, तुमालाच ती उघडणार. एवढं कळंना व्हय?"

अण्णांनी चावी खिशात टाकली आणि मान खाली घालून आत गेले. मला वाटलं, लाजले.

मी लगेच संतोषला फोन लावून सगळं सांगितलं. तो खूप हसला. म्हणाला, काकू, सुटलो बघा, सर्व्हिस सेंटरला आता तुमचाच नंबर देऊन ठेवतो, तुम्ही जवळ आहात. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. शिकलेल्या मेकॅनिकला जमलं नाही ते मी केलं होतं.

त्यानंतर संतोषचे फोन बंद झाले. एक आठवडा गेला, महिना गेला. अण्णा संध्याकाळी ओट्यावर बसायचे, मोबाईल मांडीवर. गाडीचं बटण एकदाच दाबायचे आणि मागं न बघता आत जायचे. घराचं कुलूपसुद्धा ओढेनात. मला ते बघवेना. म्हटलं, तब्येत बरी न्हाय का?

"मला ठावं न्हवतं व्हय, आक्का?" ते म्हणाले. "गाडी आली त्याच आठवड्यात कळलं व्हतं, खिशात चावी आसल्यावर उघडती म्हणून. तक्रार केली की त्यो फोन करायचा." मग म्हणाले, "केली की तुमी गाडी दुरुस्त."

मी आत आले. आमटी उतू गेली होती, ती पुसली.

पुढच्या सोमवारी दुपारी मला सर्व्हिस सेंटरचा फोन आला. तुमच्या गाडीचा हॉर्न वाजत नाही अशी तक्रार आहे. हॉर्न मी सकाळीच ऐकला होता. माणूस पाठवू नका म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. संतोषपर्यंत ती तक्रार गेलीच नाही.

दिवस मावळायला अण्णा आमच्या अंगणांमधल्या बुटक्या भिंतीपाशी आले. बराच वेळ भिंतीवरची माती नखानं काढत उभे राहिले.

"संतोषचा फोन तुमच्याकडं आला व्हता का?"

"आला व्हता," मी म्हटलं.

"वरडला?"

"वरडला की. लई वरडला. म्हणाला, अण्णांनी जीव खाल्लाय माझा."

"तापटच हाय त्यो," अण्णा म्हणाले. त्यांनी कोपर भिंतीवर टेकलं. "अजून काय म्हणाला?"

मी हातातली परात खाली ठेवली आणि सांगायला लागले.