धुरपताची हिंसा

वैशाखात माणसाला तहान लागते, ही गोष्ट सरकारलाही मान्य आहे. म्हणूनच वर्धा जिल्ह्यात आंजीकडच्या एका गावात तालुक्याच्या जनपद सभेने सार्वजनिक विहीर बांधली आणि कठड्यावर 'सर्वांसाठी खुली' अशी पाटी लावली. 'सर्व' म्हणजे कोण, हे गावाला ठाऊक होते. त्यामुळे पाटीवर खुलासा करावा लागला नाही.

धुरपताचे घर गावाच्या खालच्या अंगाला, वेगळ्या वस्तीत. मागच्या दसऱ्याला ती नवऱ्याबरोबर, कवडूबरोबर, नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. यंदा नाल्यात खणलेली वस्तीची झिरी आटली, तेव्हा ती दोर-बादली आणि घागर घेऊन सरळ सार्वजनिक विहिरीवर गेली.

गावच्या पोरांनी काठ्या उचलल्या. तेवढ्यात पुंडलिकराव आले. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेला, खादीखेरीज अंगाला काही लागू न देणारा माणूस.

"काठ्या खाली ठेवा," ते म्हणाले. "आपला जिल्हा अहिंसेचा आहे. बाईमाणसावर हात उचलून त्याला बट्टा लावू नका."

धुरपताला बरे वाटले. ती बादली सोडणार, तोच पुंडलिकराव म्हणाले, "तू पाणी काढलेस तर मी प्राण सोडीन." आणि कठड्यालगत आमरण उपोषणाला बसले.

दुपारपर्यंत मांडव पडला, भजन सुरू झाले. गावच्या बाया पुंडलिकरावांना वळसा घालून पाणी भरतच होत्या. त्यांच्या बादल्यांनी उपोषणाला बाधा येत नव्हती.

घरी कवडूने कुऱ्हाड काढली. "एक घाव देतो. मंग खुशाल पानी भरजो."

"घाव द्यान त त्याईचीच सोय होते," धुरपता म्हणाली. "तुमी जेलात, मी तहानलेली, आन् ते हुतात्मा. ठेवा ते."

ती परत गेली आणि रिकामी घागर पुढ्यात ठेवून विहिरीच्या दुसऱ्या अंगाला बसली. हे पाहून पुंडलिकराव व्यथित झाले. त्यांच्या मते त्यांचे बसणे हा सत्याग्रह होता आणि तिचे बसणे हा दबाव.

तालुक्याहून नायब तहसीलदार प्रभाकरराव शिपायांसह आले. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या आणि चिंतेत पडले. "डोकी फुटली असती तर काही करता आले असते. दोघेही शांत बसलेत, म्हणजे परिस्थिती स्फोटक आहे."

"साहेब, पाटी त सरकारनंच लावली न?" धुरपताने विचारले.

"पाटी लावणे आमचे काम, बाई. तसे वागणे हा ज्याच्या त्याच्या हृदयाचा प्रश्न. आधी हृदयपरिवर्तन व्हायला हवे."

"कोनाचं?"

"दोन्ही बाजूंचे."

"आमचं झालं, साहेब. दसऱ्याले नागपूरले जाऊन करून आलो."

साहेबांनी शांतता समिती नेमली. समितीने मांडवातच बसून ठरवले की, पाणी काढणे अहिंसक आहे. मात्र ते काढण्याचा हट्ट धरल्याने मनाला इजा होते, सबब हट्ट हिंसक आहे. इजा कोणाच्या मनाला झाली, याची चौकशी करावी लागली नाही. ती सगळी मने समितीतच होती. तेव्हा गावाचे हृदय बदलेपर्यंत गावच्या माणसाने वस्तीच्या घागरीत वरून पाणी ओतावे, असा तोडगा निघाला. आजेपणज्यांपासून हेच चालत आले होते. आता त्याला 'शांतता योजना' हे नाव मिळाले.

धुरपताला तिची आई आठवली. कोणाला तरी दया येईल म्हणून ती भर उन्हात घागर घेऊन ताटकळत उभी राहायची. धुरपता उठली. तिने बादली आत सोडली आणि भरून वर ओढली.

सगळे पुंडलिकरावांकडे पाहू लागले. पुंडलिकरावही थोडा वेळ वाट पाहत राहिले. काहीच होईना, तेव्हा ते खोल आवाजात म्हणाले, "माझ्या अहिंसेचा अपमान झाला."

अहिंसेचा अपमान पोरांना कसा सोसवणार? पहिली काठी धुरपताच्या मनगटावर बसली. हाड वाजलेले भजनी मंडळालाही ऐकू आले. दुसरी काठी, कुऱ्हाड घरी ठेवून तिच्यामागे आलेल्या कवडूने वरच्या वर पकडली आणि सोडली नाही. त्याने मारले नाही, फक्त धरून ठेवली.

पंचनाम्यात लिहिले गेले की, अज्ञात इसमांची काठी कवडूने बळजबरीने धरून ठेवल्यामुळे शांतता भंगली. त्याला वर्ध्याच्या कोठडीत नेले. "मी सांगत होतो, या लोकांना सत्याग्रहाची शिस्त नाही," पुंडलिकराव लिंबाचा रस घेत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला कामट्या बांधून धुरपता विहिरीवर आली. बरोबर वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया. पोरे काठ्या घेऊन लांब उभी राहिली. इतकी मनगटे एकदम कशी मोडायची, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

"ओढजो वो, सीताबाई," धुरपता म्हणाली. "आज माह्या हात उपोषनाले बसला हाये."

घागरी भरल्या.

बातमी शहरात पोचली. सुज्ञ माणसे हळहळली. काठी चालवणाऱ्यांचे चुकलेच, असे त्यांचे म्हणणे पडले, पण बाईनेही थोडी सबुरी धरायला हवी होती. थोडी म्हणजे किती, ते कोणी सांगितले नाही. तिने बादली आत सोडली तेव्हा तुमच्याही मनात हेच आले असेल. त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरात पाणी भरलेले असले की माणसाला शांतता आवडते.