हुल्दाचा रीतसर अंत्यविधी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. ऑक्टोबर संपत आलेला, पावसाचा पत्ता नाही, आंब्याचं पान हलत नाही, आणि ऊन असं की कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून भिंतीच्या सावलीला उभ्या. अशा दिवशी आमच्याकडे आवाज फार लांब जातो. एका टेकडीवर कुणी शिंकलं तर दुसऱ्या टेकडीवरून कुणीतरी ‘पोले’ म्हणतं. (पोले हा आमच्याकडचा फार सोयीचा शब्द. ठेच लागली तरी पोले, सायकल पंक्चर झाली तरी पोले, आणि घरातलं माणूस गेलं तरी पोलेच.) हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात निम्मा दोष त्या पडलेल्या वाऱ्याचा होता. उरलेला निम्मा पाळकसाहेबांचा.

पाळकसाहेब म्हणजे आर्ने लिंडवाल. स्वीडनहून आलेले आणि सहा वर्षं आमच्या म्वालुंगो गावात, मिशनच्या पत्र्याच्या घरात राहणारे. थोरली मुलगी गुनिला, म्हणून गाव त्यांना ‘बाबा गुनिला’ म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला, ब्रिटाबाईंना, ‘मामा गुनिला’. गुनिला नऊ वर्षांची, तिच्या पाठीवर स्टेन सात वर्षांचा, आणि शेंडेफळ माया चार वर्षांची. माणूस भला. खोड एकच. कुठलीही गोष्ट थोडक्यात आटपेल असं त्यांना मनापासून वाटायचं.

त्या सकाळी हुल्दा मेली. हुल्दा म्हणजे मुलांचं पांढरं बदक. ब्रिटाबाई पहाटेच सुईणीबरोबर पलीकडच्या वस्तीत एका बाळंतपणाला गेल्या होत्या. पाळकसाहेबांचा एक पाय जमिनीवर आणि एक सायकलवर. आठ मैलांवर कासेंग्याला बाप्तिस्म्याचा वर्ग घ्यायचा होता. स्वयंपाकाला येणारी कालुंदे म्हणाली, “द्या इकडं, पाण्याला जाता जाता राखेच्या खड्ड्यात टाकते.” त्यावर तिन्ही मुलांनी असा गळा काढला की पाळकसाहेबांना जमिनीवरचा पाय उचलवेना.

“रडू नका,” ते म्हणाले. “तिचा रीतसर अंत्यविधी करा. शनिवारी बाजारातून आपण दुसरं आणू.”

“रीतसर म्हणजे सगळं?” गुनिलानं विचारलं. मोठी नेमकी मुलगी ती.

“सगळं,” पाळकसाहेब म्हणाले आणि पायडल मारलं.

आता त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो त्यांच्या देशातला अंत्यविधी. काळ्या कपड्यातली सहा माणसं, मिटलेली तोंडं, एक गीत, मग कॉफी. पण पोरं वाढलेली इथं. त्यांनी पाहिलेल्या मयती सगळ्या म्वालुंगोच्या. रीत म्हटल्यावर त्यांना आमचीच ठाऊक.

त्यांनी आईचा नवाकोरा कांगा (बायका अंगाभोवती गुंडाळतात ते रंगीत कापड) काढून हुल्दाला गुंडाळलं. आंब्याखाली खड्डा खणला. स्टेन मिशनच्या देवळाकडं पळाला. तिथं झाडाला ट्रकच्या चाकाची जुनी लोखंडी कड टांगलेली आहे, तीच आमची घंटा. भराभर ठोकली तर प्रार्थना, आणि एकेक ठोका सावकाश दिला तर कुणीतरी गेलं. स्टेननं सावकाश दिले. आणि शेवटचा ठोका विरला तेव्हा गुनिलानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, मान मागं टाकली, आणि आमच्या बायका फोडतात तसा टाहो फोडला.

शेजारी मिहायोंच्या घरी त्यांच्या बायकोनं हातातलं सूप खाली ठेवलं. मिहायो गावातले वडीलधारे, सगळे त्यांना म्झे मिहायो म्हणतात. त्यांनी टोपी शोधली.

इथं आमची एक रीत सांगायला हवी. मयतीची हाक आली की आम्ही ‘कोण गेलं’ असं विचारत नाही. विचारणं म्हणजे ‘थांबा, येण्यासारखं आहे का बघतो’ असं म्हटल्यासारखं होतं. कुदळ टाकायची, घरात असेल ते पीठ घ्यायचं, लाकडाची मोळी घ्यायची आणि जाऊन बसायचं. घरचे सांगतील तेव्हा सांगतील. तासाभरात मिशनच्या अंगणात दीडदोनशे माणूस झालं. बायका आत जमिनीवर, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. (अशा उकाड्यातही शेकोटी लागतेच. रीत आहे.) कालुंदे पाण्याचा हंडा घेऊन परतली ती अंगण बघूनच हंडा टाकून रडायला लागली, आणि सगळ्यांत मोठ्यानं रडली. त्या बाईनं सकाळी मेलेलं बदक टाकायला स्वतः मागितलं होतं. पण दोनशे माणसं बदकासाठी आली असतील असं तिच्या तरी मनात कसं यावं?

मुलांना आधी फार बरं वाटलं. “हुल्दाला सगळे ओळखत होते,” स्टेन म्हणाला, आणि दारात उभा राहून येईल त्याचा हात हातात घेऊ लागला. आईही नाही, बापही नाही, आणि सात वर्षांचा मुलगा दारात उभा. हे बघून म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्झे मिहायो दुसऱ्या म्हाताऱ्याला हळूच म्हणाले, “दोघांतलं एक तरी गेलंय. कुठलं, ते कळेलच.”

इकडं पाळकसाहेब वर्ग आटपून परत निघाले तो निम्म्या वाटेवर सायकल पंक्चर. ढकलत निघाले. पहिली म्हातारी भेटली, ती वाट सोडून कडेला उभी राहिली. “पोले, बाबा गुनिला.”

“हो ना,” पाळकसाहेब म्हणाले. “मागचं चाक.”

म्हातारीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू बिचाऱ्याचं डोकं फिरलंय.

पुढं चार बाप्ये भेटले. त्यांनी टोप्या काढल्या. एकानं न बोलता सायकल हातातून घेतली. दोघांनी दोन्ही दंड धरले. तेव्हा पाळकसाहेब चाक विसरले. सहा वर्षांत त्यांनी स्वतः किती जणांचे दंड असे धरले होते. वाटेत काही सांगायचं नाही, घरी न्यायचं, बसवायचं, पाणी पाजायचं, आणि मग वडीलधाऱ्यानं हळूहळू सांगायचं. रीत त्यांना पाठ होती. फक्त ते आजवर दंड धरणाऱ्यांत होते.

“कोण?” त्यांनी विचारलं.

“चला घरी. आधी पाणी प्या.”

“अरे, पण कोण गेलं?”

“चला, बाबा गुनिला.”

त्या चौघांनाही ठाऊक नव्हतं हो. पण तसं सांगायचं कसं?

अंगणात शिरल्यावर गर्दीनं वाट करून दिली. पाळकसाहेबांना स्टुलावर बसवलं. हातात पाण्याचा पेला दिला. समोर म्झे मिहायो बसले, गुडघ्यावर हात ठेवून. म्झे मिहायो वाट बघत होते, की घरचा माणूस आहे, आता हाच सांगेल. पाळकसाहेब वाट बघत होते, की वडीलधारा आहे, आता हाच सांगेल. दोघंही मर्यादेची माणसं.

पाळकसाहेबांची नजर भिरभिरत होती. ब्रिटा दिसत नव्हती. दारात गुनिला होती. तिच्याजवळ स्टेन होता. एक, दोन. त्यांनी पुन्हा मोजलं. एक, दोन. आणि मग त्यांना आंब्याखाली मातीचा ताजा ढिगारा दिसला. वर दोन काटक्यांचा क्रूस, जास्वंदीची फुलं. ढिगारा लहानसा होता. फार लहान.

“माया कुठंय?” ते म्हणाले.

दारातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

आता आदल्या रविवारची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढची लाज पुरती कळायची नाही. आदल्या रविवारीच पाळकसाहेबांनी तासभर उपदेश केला होता. मयतीत एवढा आक्रोश कशाला, मातीत लोळणं कशाला, ज्याचा देवावर भरवसा आहे त्यानं शांतपणे, मनातल्या मनात रडावं. आम्ही माना डोलावल्या होत्या.

तेच पाळकसाहेब स्टुलावरून खाली आले. पेला कुठं गेला, चष्मा कुठं गेला, कळलं नाही. ते त्या ढिगाऱ्यापाशी जाऊन आडवे पडले आणि दोन्ही हातांनी माती डोक्यावर ओढत असे ओरडले, की शेकोटीजवळचं कुत्रं उठून गेलं. सहा फुटी माणूस, गोरा, धुळीत गडाबडा लोळतोय. मग बायकांना जोर चढला. इतका वेळ पाळकसाहेबांचा मान राखून बेतानं रडत होत्या बिचाऱ्या. आता बांध फुटला. तो आवाज म्हणे कासेंग्यापर्यंत गेला.

स्टेन येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पप्पा, एवढं नका रडू. शनिवारी बाजारातून दुसरं आणायचंय ना?”

जवळचे चारजण रडायचे थांबले.

“ह्या वेळी पांढरं नको,” स्टेन म्हणाला. “पांढरं लगेच मळतं. तपकिरी आणू.”

म्झे मिहायोंनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. त्यांचं सत्तर वर्षांचं आयुष्य गेलं होतं, पण गोऱ्या लोकांकडं असं असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

पाळकसाहेबांनी मातीतून तोंड वर काढलं. “दुसरं काय?”

“बदक.”

“बदक?”

“हुल्दा मेली ना,” गुनिला म्हणाली. “तुम्हीच सांगितलंत, रीतसर करा. सगळं केलं आम्ही. फक्त गाणं राहिलंय. माणसं येतच राहिली, मग वेळच झाला नाही.”

“आणि माया? माया कुठंय?”

“ती कणगीत बसलीय. तिनं हुल्दाला आईच्या औषधाच्या पेटीतल्या गोळ्या दिल्या होत्या. हुल्दा आजारी दिसत होती म्हणून. आता तिला वाटतंय, गाव तिला मारायला आलंय.”

पाळकसाहेब उठले नाहीत, रांगतच गेले. कणगीत हात घातला आणि तळाशी बसलेल्या मायेला वर ओढलं. केसांत ज्वारी, कानांत ज्वारी. तिनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा दोनशे माणसांकडं, आणि म्हणाली, “मी एकच गोळी दिली. बाकीच्या तिनं स्वतःच खाल्ल्या.”

पाळकसाहेबांनी तिला छातीशी धरलं ते सोडेचनात. तेवढ्यात फाटकातून ब्रिटाबाई आल्या. त्यांनाही दोन बायांनी दंडाला धरून आणलं होतं, वाटेत एक शब्द न बोलता. चेहरा पांढराफटक. त्यांनी एक, दोन, तीन अशी मुलं मोजली, मग मातीनं माखलेला नवरा मोजला आणि मटकन खाली बसल्या.

“मग कोण?” त्यांनी विचारलं.

“हुल्दा,” पाळकसाहेब म्हणाले.

ब्रिटाबाईंनी आंब्याखालचा ढिगारा पाहिला. मग हळूच म्हणाल्या, “आर्ने, उठ आता. आणि ह्यांना सांग. मी नाही सांगणार.”

सांगावं तर लागणारच होतं. पाळकसाहेब उभे राहिले. चष्मा कुणीतरी शोधून दिला, त्याची एक काच गेलेली. सहा वर्षं ते आमच्यापुढं उभे राहून बोलत आले होते, पण असे अडखळले नव्हते. “बंधूंनो, भगिनींनो,” ते म्हणाले, “बदक होतं.”

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं, मग पिठाच्या टोपल्यांकडं. मयतीच्या घरी आणलेलं परत न्यायचं नसतं. घरी परत नेलं तर त्याच्या मागोमाग मयतही घरी येते, असं आम्ही मानतो.

सगळ्यांनी म्झे मिहायोंकडं पाहिलं. त्यांनी सावकाश विचार केला. “हाक आली, ती खरी होती,” ते म्हणाले. “आपण आलो, तेही खरं. आणि ह्या माणसाचं रडणं तर मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यात काही खोट नव्हती. मग मेलं कोण, हा लहानसा प्रश्न राहतो. चूल पेटवा.”

मग काय, मोठमोठ्या हंड्यांत त्याच पिठाची घट्ट उगाली शिजली, कुणीतरी घेवडा आणला, आणि दोनशे माणसं अंगणात जेवली. पंगतीतून एक म्हातारा म्हणालाच, “पुरायची घाई कशाला केलीत? इथं कोरडा घास उतरत नाही.” मायेनं ते ऐकलं आणि जाऊन ढिगाऱ्यावर राखण करत बसली. राहिलेलं गीत शेवटी सगळ्यांनी मिळून म्हटलं, उभं राहून, चारी कडवी. दिवस मावळायच्या आत माणसं पांगली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाचा विषय बदलला. पवित्र शास्त्रातल्या योनाच्या माशावर बोलले, तेही थोडक्यात. आक्रोशाबद्दल त्यानंतर ते कधी काही बोलले नाहीत.

प्रार्थना संपवून, एका काचेचा चष्मा पुसत ते घरी चालले होते, तेव्हा कुंपणापाशी म्झे मिहायो उभे होते. टोपी हातात, चेहरा गंभीर. पाळकसाहेब थांबले. म्झे मिहायोंनी आधी त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली, मग उन्हाची, मग सायकलच्या चाकाची. आणि मग म्हणाले,

“बाबा गुनिला, आमच्या टर्कीनं दोन दिवस दाणा टिपलेला नाही. गुरुवार जरा मोकळा ठेवा. पीठ-लाकडं आमची आम्ही बघू, पण रडायला तुम्हीच हवेत.”