चौदा नंबरची पायी फेरी

"बेचाळीस किलोमीटर? अगं, एवढं तर मी दुपारच्या जेवणाआधी करतो," असं म्हणत चौदा नंबरच्या डायव्हरने ताटातला शेवटचा घास तोंडात टाकला आणि त्याच्या परीने विषय संपवला.

"बसून," बायको म्हणाली.

"बसून तर बसून. करतो की नाही?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसरं काय!

बावीस वर्षं तो चौदा नंबरची बस चालवत होता, हे मात्र खरं. वसाहतीतून निघायचं, बाजार, इस्पितळ, मोठा चौक, चौकातून डावीकडे वळलं की डेपो. गाडी कधी दोन मिनिटंसुद्धा उशिरा आली नाही. पण ही सगळी शिस्त गाडीपुरती. गाडी जागेवर लागली की नोंदवही भरा, बदलीचा डायव्हर आला नाही म्हणून आणखी एक फेरी मारा, मग घरी या. यात गाडी वेळेवर आणि माणूस उशिरा, असं कायमचं ठरून गेलं होतं. लेक शाळेत धावायला लागली तेव्हापासून तिच्या एकाही शर्यतीला तो वेळेत पोचला नव्हता. चारची शर्यत, तर हा सहाला हजर. मैदानावर खुर्च्यांच्या घड्या घालणारी माणसं त्याला चेहऱ्याने ओळखायला लागली होती. एकदा तर दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून त्यानेही चार खुर्च्या उचलल्या होत्या. लेक बिचारी रुसायची नाही. "असू दे बाबा, पुढच्या वेळी," एवढं म्हणून बॅग खांद्याला लावायची. ते "असू दे" त्याला पुढचे चार दिवस घास गोड लागू द्यायचं नाही.

आता ती कॉलेजात होती, आणि यंदा शहराच्या मॅरेथॉनमध्ये तिला काम मिळालं होतं. शेवटच्या गेटपाशी उभं राहायचं आणि धावून येईल त्याच्या गळ्यात पदक घालायचं. हे तिने जेवताना सांगितलं आणि आमच्या डायव्हरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शर्यत बघायला गेलं की उशीर होतो ना? मग बघायला जायचंच नाही. शर्यतीतूनच जायचं.

"भर माझा फॉर्म," तो म्हणाला. "माझ्या गळ्यात पदक तूच घालायचं."

लेकीने आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं.

"बाबा, खरंच याल?"

"शब्द दिला."

लेकीने मनात कसलासा हिशेब केला. "मग नीट ऐका. सात तासांत यायचं. सात तासांनंतर गेट बंद. आणि मध्ये कुठल्याही वाहनात पाय जरी ठेवलात तरी बाद."

"सात तास? सात तासांत मी..."

"बसून," बायको पुन्हा म्हणाली.

पहिल्या दिवशी तो गल्लीच्या तोंडापर्यंत धावला आणि किराणा दुकानाच्या पायरीवर बसला. दुकानदाराने न विचारताच पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानदार पाणी घेऊन आधीच उभा होता. तिसऱ्या दिवशी मात्र डायव्हरने ठरवलं, की अनोळखी रस्ते नकोत, आपल्याला पाठ असलेला रस्ता धरायचा. म्हणजे अर्थातच चौदा नंबरचा.

तिथून सगळं बिघडत गेलं. पाय धावायचे छान, पण थांबा आला की थांबायचे. जित्याची खोड! बरं, थांबा रिकामा असेल तर ठीक. पण सकाळच्या पहिल्या गाडीची माणसं उभी असायची.

"अहो चौदावाले, गाडी कुठंय?" एक आजी विचारायच्या.

"मागून येतेय, आजी."

"मग तुम्ही पुढे कशाला आलात?"

एकदा थांबल्यावर पाय पुन्हा निघायला तयार व्हायचे नाहीत. आजी त्याच्याकडे बघायच्या, तो रस्त्याकडे बघायचा, आणि मागून खरीखुरी गाडी यायची तेव्हाही तो तिथेच खांबाशी उभा असायचा.

रोग ओळखला तो त्याच्या कंडक्टरने. सगळा डेपो त्याला मास्तर म्हणायचा.

"तुला बेल कोण देतंय?" मास्तरने विचारलं.

"धावायला कसली आली बेल?"

"अरे बाबा, मी दोन टोले दिल्याशिवाय बावीस वर्षांत कधी गाडी हलवलीस? एक टोला थांब, दोन टोले चल. तुझं डोकं विसरेल, तुझे पाय कसे विसरतील?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सायकलवरून मागे. सायकलच्या घंटीचा एक टोला वाजला की थांबायचं, पाणी प्यायचं. दोन वाजले की निघायचं. एकही नाही वाजला, तर थांबा येवो नाहीतर प्रत्यक्ष डेपोचा कंट्रोलर समोर उभा राहो, धावत राहायचं. पाच महिन्यांत पोट पट्ट्याची दोन भोकं आत गेलं, दम टिकायला लागला, आणि पाय असे काही सुरात आले की प्रत्येक किलोमीटरला नऊ मिनिटं म्हणजे नऊ मिनिटं. मास्तरने मनगटावरच्या घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं.

शर्यतीच्या दिवशी मास्तरला नेमकी दुसऱ्या मार्गावर ड्युटी लागली. जाताना तो एवढंच म्हणाला, "बेल नाही म्हणजे थांबायचं नाही. लक्षात ठेव."

त्याने ठेवलं. बंदूक वाजली तेव्हा पोरं वाऱ्यासारखी सुटली, आणि हा आपल्या नऊ मिनिटांच्या वेगाने निघाला. दहा किलोमीटरनंतर त्याच सुटलेल्या पोरांपैकी काही फुटपाथवर पोटऱ्या चोळत बसलेली दिसायला लागली. बँकेत काम करणाऱ्या एक बाई त्याच्या मागे होत्या. त्या शेजारच्याला म्हणाल्या, "या काकांना सोडू नका. घड्याळाला लाजवतील असे धावतायत." ही बातमी मागे मागे पसरत गेली. पंचवीस किलोमीटरला त्याच्यामागे चाळीसेक माणसं झाली होती. त्याने एकदा मान वळवून बघितलं आणि त्याची छाती फुगली. गाडी भरलेली असली की त्याला नेहमीच बरं वाटायचं.

तेहतिसाव्या किलोमीटरला शर्यत इस्पितळापाशी त्याच्या रोजच्या रस्त्याला लागली. एव्हाना पाच तास होत आले होते. डोकं केव्हाच रजेवर गेलं होतं, कामावर होते फक्त पाय. पुढे मोठा चौक. तिथे शर्यत उजवीकडे, नदीच्या रस्त्याला वळत होती. उजवीकडे दाखवणारा पुरुषभर उंच बाणही लावला होता. पण डायव्हर बाण बघून वळत नाही, हवालदाराचा हात बघून वळतो.

आणि हवालदार रोजचाच होता. पहाटेपासून उजवीकडे हात दाखवून दाखवून त्याचा खांदा भरून आला होता. तेवढ्यात समोरून ओळखीचा चेहरा आला. गेली बारा वर्षं हा चेहरा दिसला की हवालदाराचा हात डावीकडे जायचा. आजही गेला. डायव्हरने रोजच्यासारखी दोन बोटं कपाळाला लावली आणि तो डावीकडे वळला. त्याच्या मागोमाग बँकेच्या बाई वळल्या, आणि त्यांच्यामागे उरलेली चाळीस माणसं.

शर्यतीमुळे चौदा नंबर त्या दिवशी बंद होती. डेपोच्या दारात कंट्रोलर खुर्ची टाकून निवांत बसला होता. घामाने निथळणारी चाळीस माणसं फाटकातून आत येताना बघून तो उठून उभा राहिला. समोर आपला डायव्हर दिसल्यावर त्याने सवयीने नोंदवही उघडली, आणि मग त्याचा हात अडला.

"प्रवासी आणलेत," तो म्हणाला, "गाडी कुठंय?"

डायव्हर थांबला. त्याने वर डेपोची पाटी वाचली. मग मागे वळून बघितलं. माणसं बाकांवर टेकायला लागली होती. एक जण पदकं कुठे मिळतात ते विचारत होता. बँकेच्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ कानाशी नेऊन हलवलं. "हे तर पस्तीसच किलोमीटर दाखवतंय," त्या म्हणाल्या.

डायव्हरने अंतर मोजलं. चौक दोन किलोमीटर मागे. तिथून नदीकाठाने गेट नऊ किलोमीटर. आणि त्याचं घड्याळ पाच तास सतरा मिनिटं दाखवत होतं.

"चुकलं माझं," त्याने हात जोडले. "रस्ता तो नव्हता. मी रोज इकडे येतो, म्हणून आलो. माफ करा मला."

मग पदकवाला हसायला लागला आणि मग सगळेच. कंट्रोलर भला माणूस. म्हणाला, "अरे, गाड्या उभ्याच आहेत. बसवा सगळ्यांना, पाच मिनिटांत चौकात सोडतो."

माणसं उठलीच. पण डायव्हर जाऊन बसच्या दारात आडवा उभा राहिला.

"कुणी चढायचं नाही. वाहनात पाय ठेवला की बाद. माझ्या लेकीने सांगितलंय."

बावीस वर्षांत गाडी रिकामी असताना त्याने माणसांना चढू दिलं नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"बरं, पायी जाऊ," बाई म्हणाल्या. "घाबरता कशाला काका? वेळ आहे की."

डायव्हरला त्यांची कीव आली. थांब्यावरच्या माणसाला नेहमी वेळ आहे असंच वाटतं. तो निघायला वळला, आणि पाय जागचे हलेनात. थांबलेली गाडी, आणि बेल द्यायला मास्तर नाही! त्याने कंट्रोलरकडे असं काही बघितलं की कंट्रोलरला सगळं कळलं. त्याने उभ्या बसमध्ये हात घालून बेलची दोरी दोनदा ओढली. टण टण. चौदा नंबर सुटली.

चौकात हवालदार दोन्ही हात उजवीकडे करून उभा होता. त्याने यांच्याकडे बघितलं नाही, यांनीही त्याच्याकडे बघितलं नाही.

नदीच्या रस्त्यावर डायव्हर मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिला. आपण आडवाटेला नेलेली माणसं आधी पोचली पाहिजेत, गाडीतून डायव्हर शेवटी उतरतो. कुणी लंगडायला लागलं की हा जवळ जाऊन म्हणायचा, "चला, एकच थांबा राहिला." एकेक करून त्याने सगळ्यांना पुढे काढलं. त्याचे स्वतःचे गुडघे आता बोलायला लागले होते. सहा तास चाळीस. सहा तास पन्नास. लेकीचा चेहरा डोळ्यासमोर आणत तो पळत होता, आणि दर वेळी तो चेहरा "असू दे बाबा" असंच म्हणायचा.

गेट दिसलं तेव्हा सात तास झाले होते. दोनशे पावलं राहिली होती. आणि तेवढ्यात त्याला तो आवाज आला. डोळे मिटूनही त्याने ओळखला असता. खुर्च्यांच्या घड्या घातल्याचा.

रस्त्याच्या कडेला कुठल्या तरी दुसऱ्याच नंबरचा थांबा होता. तो त्या खांबाला धरून उभा राहिला. सात तास दोन मिनिटं. शेहेचाळीस किलोमीटर तुडवून माणूस पुन्हा खुर्च्या उचलायलाच आला होता. त्याला रडू आवरेना. पुढे जायचं नाही, परत फिरायचं नाही, काही नाही. पाय संपले होते.

गेटपाशी लेकीने त्याला बघितलं. शेजारी आई होती. "अगं, हाक मार," आई म्हणाली.

लेकीने हाक मारली नाही. ती शेवटी त्याच घरात वाढली होती. तिने टेबलावरची दोन पदकं उचलली, हात उंच धरले आणि एकावर एक आपटली.

टण टण.

डायव्हरचे पाय हलले. आधी उजवा, मग डावा. खुर्च्यावाले खुर्च्या तशाच धरून बघत उभे राहिले, बँकेच्या बाई आणि त्यांची चाळीस माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि त्यांच्यामधून तो गेटाखालून आत आला. लेकीने त्याच्या गळ्यात पदक घातलं आणि त्याला घट्ट मिठी मारली.

"उशीर झाला गं," तो तिच्या खांद्यात म्हणाला. "गेट बंद झालं ना?"

"नाही बाबा. गेट आठ तासांनी बंद होतं. आत्ता नुसत्या प्रेक्षकांच्या खुर्च्या उचलतायत."

तो मिठीतून बाहेर आला. "तू तर सात म्हणालीस."

लेक ओशाळून हसली. "तुम्हाला मी कायम एक तास आधीचीच वेळ सांगते. अगदी शाळेपासून. माझ्या शर्यती पाचला असायच्या."

डायव्हरने बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे दोन तास उशीर, दोन तास उशीर म्हणून इतकी वर्षं मी जिवाला लावून घेतलं, तो एकच तास होता?"

"एकच."

"मग आधी नाही का सांगायचं?"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "झालं. सांगून बसलीस ना? आता पुढच्या वेळी हे आठ तास धरूनच येणार."

"काहीतरीच काय," तो पदकाशी चाळा करत, खाली बघत म्हणाला. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात मघाशीच येऊन गेलं होतं, की अजून अठ्ठावन्न मिनिटं शिल्लक होती, म्हणजे डेपोत बसून एक चहा अगदी सहज झाला असता.