उधईची पंगत

आमचे शेजारी उमाटे काकाजी कोणाच्याही घरी गेले की दाराची कडी वाजवत नाहीत, चौकट वाजवतात. दार सताड उघडं असलं तरी आधी वाकायचं, बोटाच्या पेराने चौकटीच्या बुडाशी टकटक करायची, कान लावायचा आणि मग आत यायचं. घरात सगळे बरे आहेत का, हे नंतर. "लाकूड बोलते, मास्तर," ते मला सांगतात. "भरलं असलं तं जाड बोलते. उधईनं खाल्लं असलं तं पोकळ."

पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत वाळवीला सगळे उधईच म्हणतात, आणि काकाजींना उधईवाले काकाजी. पाटबंधारे खात्यातून ते रिटायर झाले, पाठोपाठ काकी गेल्या, आणि तेव्हापासून या माणसाला घडीभर बसवत नाही. चहा उभ्यानं पितात, तोही पलंगाखाली डोकावत. आमच्या मुलीच्या साखरपुड्याला आले, तर मुलाकडची मंडळी बसली होती तो सोफाच ठोकू लागले. व्याही दचकून उठले. "बसा, बसा," काकाजी म्हणाले, "तुमच्या खालचा मजबूत हाये."

मी तापट माणूस. आमच्या चौकटीवर वाळवीची मातीची रेघ दिसली, तसा मी बाजारातून फवारा आणून मारला. काकाजींनी मला असं झापलं की जन्मभर पोरांना झापणारा मी गप्प उभा राहिलो. "काऊन मारलं? पाहुणे पंगतीत बसले होते न तुमी लाठीचार्ज केला. आता ते मांगच्या दारानं घुसतीन."

त्यांची पद्धत निराळी. घराभोवती जमिनीत भोकं पाडलेले प्लास्टिकचे डबे पुरायचे, झाकण तेवढं वर. आत नरम लाकडाचा तुकडा आणि ओला पुठ्ठा. मग नुसती नजर ठेवायची. वाळवी डब्यात आली, रुळली, की पुठ्ठा काढून तिथे औषध घातलेलं खाणं ठेवायचं. ती ते नेऊन आपल्या गणगोताला भरवते आणि हळूहळू सगळा कारभार आटोपतो. "घाई नाई करायची," हे काकाजींचं पालुपद. आणि हे म्हणणारा माणूस दर रविवारी उजाडत नाही तो आमच्या अंगणात ओणवा. झाकण उघडायचं, लावायचं, दोन पावलं जायचं, परत येऊन उघडायचं.

"आली का, काकाजी?" मी खिडकीतून विचारायचो.

"चव पाहून राह्यली."

आमची वाळवी गेली. समोरच्यांची गेली. नालवाडीच्या माझ्या मेव्हण्याचीही गेली. एकट्या काकाजींच्या घरची तेवढी जाईना.

याचा त्रास त्यांच्या मुलाला, प्रशांतला. तो पुण्याला असतो. पोरगा गुणी. फ्लॅट घेताना वडिलांसाठी वेगळी खोली बघूनच घेतला. आता इथलं घर विकायचं आणि बाबांना घेऊन जायचं, म्हणून फोनवर फोन. काकाजी कधी नाही म्हणाले नाहीत. गिऱ्हाईक आलं की स्वतः घर दाखवायचे, बोअरचं गोड पाणी पाजायचे आणि शेवटी अंगणात नेऊन डबा उघडायचे. आत पांढरी वळवळ. "फसवायचं नाई कोणाले," म्हणायचे. गिऱ्हाईक पाणी पिऊन गेलेलं असायचं, ते परत येत नसे.

हे काही मला पटेना. गल्लीभर डॉक्टरकी करणाऱ्याच्याच घरात रोग कसा? काकाजी पवनारला एका लग्नाला गेले होते आणि झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. मी एकेक डबा उघडून पाहिला. सगळीकडे नुसता पुठ्ठा. औषधाची पाकिटं बाथरूमच्या फळीवर होती, न फोडलेली.

ते परतले तसं मी तोंडावर विचारलं. काकाजी माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"मास्तर, पोराले नाई म्हनवत नाई. त्यानं माह्यासाठी खोली ठेवली. मी जाऊन आलो न तिथं. सगळं काच न सिमेंट. कितीही ठोका, काहीच बोलत नाई. एका शेजाऱ्याची चौकट वाजवली, तं तो आतूनच म्हने, पार्सल बाहेर ठेवा. उधई हाये तोवर माह्यं घर हाये."

"अन् तिनं घरच खाल्लं तं?"

"बाहेर पोट भरून राह्यलं तं घरात कायले येईन ते?"

मला फार वाईट वाटलं. आणि संतापही आला, की एवढी साधी गोष्ट या माणसाला पोटच्या पोराशी बोलता येत नाही.

पुढच्याच रविवारी प्रशांत गाडी घेऊन आला. सोबत वर्ध्याचा एक हार्डवेअरचा व्यापारी. काकाजींनी रीतसर डबा उघडला. व्यापाऱ्याने आत पाहिलं आणि तो हसला. "उधईचं काय, आपल्या दुकानात औषध पडलं हाये. घर पसंत हाये आपल्याले."

काकाजींच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मग ते आत गेले आणि आतून एकामागून एक चौकट वाजू लागली. थांबेचना.

प्रशांत माझ्याकडे वळला. "काका, बाबांच्या औषधानं तुमची गेली. मग आमचीच का जात नाही?"

"डब्यात हात घालून पाह्य," मी म्हणालो.

तो गुडघ्यावर बसला. पुठ्ठा उचलला, खाली चाचपडला. "औषध?"

"फळीवर हाये. फोडलंच नाई तुह्या बाबानं."

आत टकटक चालूच. व्यापारी घड्याळ बघू लागला. शेवटी प्रशांत उठला, त्याच्याशी दोन शब्द बोलला, हात जोडले. व्यापारी कुरकुरत निघून गेला. टकटक थांबली आणि काकाजी दारात येऊन उभे राहिले.

गाडीच्या डिकीत वडिलांचं सामान बांधायला पुण्याहून आणलेले पुठ्ठ्याचे खोके होते. प्रशांतने त्यातला एक काढला, टराटरा फाडला, नळाखाली भिजवला आणि डब्याशी येऊन बसला.

"जुना संपत आलता, बाबा," तो खाली बघत म्हणाला.

काकाजी येऊन त्याच्याशेजारी ओणवे झाले.

"पिळून घाल," ते म्हणाले. "चिखल आवडत नाई तिले."