उरल्या जागेचं तिकीट

विहीणबाई आठवड्यासाठी म्हणून आल्या आणि तिसऱ्याच दिवशी साथीमुळे विमानं बंद झाली.

बातमी लागली तेव्हा अक्का गॅसपाशी उभ्या होत्या. "बरंच झालं की! तेवढाच तुमचा सहवास," असं त्या वळून न बघताच म्हणाल्या. पुढे कितीतरी महिने त्यांना ते वाक्य परत घ्यायची सोय राहिली नाही.

अक्कांची एकुलती एक लेक याच विहीणबाईंच्या घरात सून होती. इथे आईचा शब्द चुकला, तर तिथे लेकीला ऐकावं लागणार. म्हणून आठवडाभर तोंडाला कुलूप, असं अक्कांनी आधीच ठरवलं होतं. आठवडाभर कोणीही गोड बोलू शकतं. आता आठवड्याचा उन्हाळा झाला, पण कुलूप काढता येईना.

तशा विहीणबाई वाईट नव्हत्या. फक्त त्यांना दुसऱ्यांची कपाटं लावायची हौस होती. सकाळी साखर म्हणून हात घालावा तर हातात साबणाची वडी येई. आणि त्या घोरत अशा, की पलीकडच्या खोलीत अक्कांचे यजमान आबा उठून बसत आणि विचारत, "विमानं सुरू झाली का गं?"

एकदाची झाली. आबा लगेच म्हणाले, "मी काढतो ना तिकीट! आत्ता काढतो!"

"काहीतरीच काय!" विहीणबाई म्हणाल्या. "मुलगा वैमानिक असताना मी तिकीट विकत घेऊन जाऊ? त्याच्या कंपनीतले लोक काय म्हणतील?"

त्यांच्याकडे कंपनीचं घरच्या माणसांसाठी असतं ते तिकीट होतं. म्हणजे विमानतळावर जाऊन बसायचं आणि सगळे प्रवासी चढल्यावर जागा उरलीच, तर आपण चढायचं. ज्या मुलाच्या जोरावर हे तिकीट होतं, तो स्वतः विमानाविना घरी बसला होता आणि भांडी घासत होता, असं लेक फोनवर कौतुकाने सांगे.

पहिल्या खेपेला अक्कांनी विहीणबाईंना साडी दिली, डोळे पुसले, "आणखी चार दिवस राहिला असता तर बरं वाटलं असतं," असंही म्हणाल्या. दुपारी जेवणं आटोपून आबा आडवे होतात तोच दारावरची बेल वाजली. तोंडावर पट्टी, तिच्यावर प्लास्टिकचा पडदा, अंगात पांढरा झगा. आबांना वाटलं, औषध फवारायला कोणीतरी आलं.

"मीच हो," झग्यातून आवाज आला. "विमान रिकामं होतं, पण जागा नव्हती."

"म्हणजे?"

"एक माणूस बसवायचा, शेजारची खुर्ची मोकळी सोडायची, असा नियम आहे. मोकळ्या खुर्च्या ढीगभर होत्या. पण त्या मोकळ्याच ठेवायच्या होत्या!"

दुसऱ्या खेपेला विमानच रद्द झालं. तेव्हा अक्कांनी एक शाल दिली होती. तिसऱ्या खेपेपर्यंत कपाटात देण्यासारखं काही उरलं नाही, आणि जे होतं ते विहीणबाईंनी कुठे लावून ठेवलंय ते अक्कांना सापडेना.

पूर्वी बरं होतं. पाहुण्याला स्टेशनवर पोचवलं, गाडी हलली, रुमाल हलला, की पाहुणा गेला. गाडीने पाहुणा परत आणून दिल्याचं अक्कांना आठवत नव्हतं, आणि अक्कांना तर शाळेतल्या बाकावर शेजारी कोण बसायचं तेही आठवे.

तिसऱ्या खेपेला मात्र फोन आला. "बसले हो! पट्टासुद्धा बांधला."

अक्कांचा जीव भांड्यात पडला. "सांभाळून जा हं, विहीणबाई."

"हो. आणि आता निघालेच आहे म्हणून सांगते, राग मानू नका. तुमचा चहा अगदी पाणी असतो. इतके दिवस मी कशी प्याले ते माझं मला ठाऊक."

तेवढ्यात अक्कांच्या कानावर विमानातली घोषणा पडली, दारं बंद होणार होती. म्हणजे आता भीती कसली? कुलूप आपोआप निघालं.

"चहा पाणी असतो? अहो, तुमच्या घोरण्यानं आम्हा दोघांना महिने झाले झोप नाही! दिवसा डुलक्या काढायच्या, मग चहात पावडर किती पडली कोण बघतंय? आणि माझ्या साखरेचा डबा कुठे ठेवलात तेवढं सांगून जा!"

"जिथे असायला हवा तिथे! तुमच्या स्वयंपाकघरात शिस्त म्हणून काही नव्हती, मी होते म्हणून–"

"तुम्ही होतात म्हणूनच तर!"

दोघींनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. फोन तुटला तेव्हा अक्कांचा चेहरा लाल झाला होता, पण खांदे हलके झाले होते. आबांनी खिडक्या उघडल्या आणि पलंगावर आडवे झाले.

संध्याकाळी बेल वाजली.

दारात झगा उभा होता. "दुसऱ्या गावचं विमान न्यायला एका वैमानिकाला तातडीनं जायचं होतं," झगा म्हणाला. "त्याला जागा हवी म्हणून मला उतरवलं. उरल्या जागेचं तिकीट ना माझं!"

नियमाप्रमाणे विहीणबाई विमानतळावरून आल्या की चौदा दिवस खोलीत बंद. त्या आत गेल्या, दार लागलं. अक्का बाहेर खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे लेक उभी राहिली. काय करून बसलो आपण! पाच मिनिटांच्या तोंडसुखापायी पोरीच्या संसारात बिब्बा घातला.

शेवटी त्या दाराशी गेल्या. "विहीणबाई... सुनेला फोन केलात का?"

"नाही. तुम्ही?"

"नाही."

"मग नकोच करायला," आतून आवाज आला. "आपण दोघी भांडणार आणि मधल्यामधे ती पोर रडणार. माझ्या सुनेला मी रडू देत नाही हं, सांगून ठेवते. चहा ठेवा. आणि या वेळी पावडर घाला, नुसती दाखवू नका."

"तुम्ही कुशीवर झोपणार असाल तर घालते."

"झोपते. साखर वरच्या फळीवर आहे, मागे."

त्यानंतर त्या घरात कोणी गोड बोललं नाही. दाराच्या आतून एक, बाहेरून एक, अशा दोघी दिवसभर एकमेकींच्या चुका काढत, आणि हसता हसता अक्कांना ठसका लागे. आबा म्हणत, "अगं, जरा हळू! शेजाऱ्यांना वाटेल साथ इथेच आली." चौदा दिवस संपले तरी दार उघडायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि तिकिटाचा विषयही कोणी काढला नाही.

विषय कंपनीनेच काढला. मुलगा पुन्हा विमान चालवू लागला आणि त्याने आईसाठी जागा पक्की केली.

या वेळी अक्कांनी साडी दिली नाही, डोळेही पुसले नाहीत. "जाऊन या," म्हणाल्या. दुपारी त्यांनी चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले आणि दाराकडे कान लावून बसल्या. आधण आटत आलं तेव्हा आबा फोन घेऊन आत आले.

"विमान अगदी वेळेवर सुटलं गं!"

अक्कांनी फाटकन गॅस बंद केला.

"या विमान कंपन्यांवर," त्या म्हणाल्या, "कसला म्हणून भरवसा ठेवता येत नाही!"