काशीनाथअण्णा आणि तीळ काढणारी बाजी

काशीनाथअण्णाच्या खुर्चीत बसलं की दाढीच्या आधी खानदान निघायचं. फेस लावता लावता तो गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांत धरायचा, उजेडाकडं वळवायचा आणि निकाल द्यायचा, "ही हनुवटी तुझी न्हवं. तुझ्या आज्याची हाय. नीट संभाळ." बँकेत नव्यानं बदलून आलेल्या साहेबाला एकदा म्हणाला, "कान मामाच्या वळणाचं दिसायलेत." साहेबाची मामाशी कोर्टात भांडणं चालली होती. तो अर्ध्या दाढीवरच उठून गेला.

बिदरजवळच्या चिटगुप्प्याच्या बाजारात अण्णाच्या दुकानाला लागून माझं बांगड्यांचं दुकान. मधे त्याच्या मागच्या खोलीत उघडणारं एक पत्र्याचं दार. तो मला अक्का म्हणायचा, मी त्याला अण्णा. दोघांत मोठं कोण, ह्याच्यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही.

ही गोष्ट घरोघरी केबल आलं त्या दिवसांतली. टीव्ही बघून पोरींना स्वतःच्या तोंडात खोट दिसायला लागली होती. अण्णाचा गडी तेव्हाच हैदराबादला एसी सलूनात गेला आणि मागच्या खोलीतली खुर्ची धूळ खात पडली. अशात एक दिवस माझ्या दुकानात नसीमबाजी आली, बाजी म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण. हैदराबादची बाई, हातात मोठी बॅग, बॅगेत सुई तापवायचं मशीन. तीळ, चामखीळ, वांग, सगळं काढते म्हणाली. दर बाजाराच्या दिवशी बसायला जागा पाहिजे होती. मीच मध्ये पडून अण्णाची मागची खोली तिला भाड्यानं मिळवून दिली. पुरुषांच्या सलूनातून बायका कशा जातील? म्हणून त्या बांगड्या भरायला म्हणून माझ्याकडं यायच्या आणि पत्र्याच्या दारातून आत सटकायच्या. माझाही धंदा वाढला, खोटं कशाला बोलू!

पण भाडेकरीण ठेवून अण्णाचीच झोप उडाली. बाजीनं मशीन सुरू केलं की हा खोलीच्या पडद्याबाहेर खाकरत उभा.

"कुनाची पोरगी हाय आत?"

"मेहकरची हाय, अण्णा. तू जा, दाढ्या कर," मी म्हणायची.

"मेहकरची? मग गालावरचा तीळ तिच्या आज्जीचा हाय. ए बाळे, कामून काढायलीस? उद्या मेहकरात कोन वळखील तुला?"

आतली पोरगी रडकुंडीला यायची. एकदोघी तर तोंडाला क्रीम तशीच ठेवून पळाल्या. बाजी पडदा सारून बाहेर यायची, "क्या जी अण्णा, मेरे गिराकां भगाते बैठे तुम! भाडा कायको लेते फिर?"

अण्णा लगेच खाली मान घालायचा. ज्या दिवशी गिऱ्हाईक पळवलं त्या दिवसाचं भाडं तो घ्यायचा नाही. असला घरमालक मी जन्मात बघितला नाही. बाजी तरी काय करणार, हसायची आणि डब्यातली खिचडी त्याला वाढायची.

हसत मीही होते, पण त्याच्या ह्या खुळाच्या मुळाशी काय होतं ते मला ठाऊक होतं. अण्णाची बायको पारू, लेक तीन वर्षांची असताना तापानं गेली. फोटो एकसुद्धा नाही. बिदरला जाऊन काढू म्हणता म्हणता राहून गेला. मागं राहिली ज्योती, आणि ज्योतीच्या हनुवटीवर आईसारखाच एक तीळ. अण्णाकडं पारूचं म्हणून तेवढंच होतं.

ज्योतीचं लग्न ठरलं. मुलगा हैदराबादला कंपनीत. आणि लग्नाला पंधरवडा असताना ज्योती बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानातून सरळ आत गेली आणि बाजीच्या खुर्चीत बसली.

"मला काढायचाय," म्हणाली.

बाजीच्या हातातली सुई थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. पडद्याबाहेर अण्णा उभा होता, पण आज खाकरला नाही. मीच चिडून बोलले, "पोरी, येडी का खुळी तू? सासरच्यांनी सांगितलं काय?"

"न्हाई, मावशी. त्यास्नी काई घेनं-देनं न्हाई." मग ती पडद्याकडं तोंड करून बोलली, "अप्पा, तुमी माज्याकडं बगता, पर बगायलाव आईला. मला तर आई आठवतबी न्हाई. सासरी जाताना एकडाव तरी मला बगा की."

बाहेर दाढीचं गिऱ्हाईक "अण्णाऽ" म्हणून हाका मारत होतं. पडदा हलला आणि अण्णा आत आला. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मग दोन बोटांनी तिची हनुवटी धरली आणि उजेडाकडं वळवली.

"काढ, बाजी. मी धरतो. पोरगी हलंल."

बाजीचे डोळे भरले होते, तरी हात चुकला नाही. काम होईपर्यंत अण्णानं हनुवटी सोडली नाही. मग लेकीकडं नीट बघितलं. "चांगली दिसायलीस," म्हणाला आणि दाढी करायला गेला.

लग्न झालं. ज्योती हैदराबादला गेली. बाजाराच्या दिवशी बाजी येत राहिली, पण पडद्याबाहेर कुणी उभं राहिना. एकदा हुमनाबादची एक पोरगी आली, भुवईवर ठसठशीत तीळ. बाजीनं मुद्दाम पडदा बाजूला सारून ठेवला. "अण्णा, कुछ तो बोलो जी," ती कळवळून म्हणाली. अण्णा कात्री पुसत राहिला.

त्या दिवशी दुपारी बाजार पांगल्यावर तो माझ्या दुकानात येऊन बसला.

"अक्का, एक इचारू? पारूचा तीळ कुन्या अंगाला व्हता?"

"म्हंजे?"

"ज्योतीचा डाव्या अंगाला, ते मला ठाव हाय. पर तिची वेनी मी खुर्चीत बसवूनच घालायचो न्हवं का, रोज. आरशात त्यो उजव्या अंगाला दिसायचा. आता डोळं मिटलं की पारू कवा हिकडून दिसती, कवा तिकडून. खरी कुटली, मला कळंना झालंय."

मी आठवायला लागले. पारूला किती वेळा बांगड्या भरल्या मी! तिचा हात आठवला. कडक हात, अंगठ्याशी बांगडी अडायची, साबण लावावा लागायचा. दुखलं की ती हसायची, तो आवाजही आठवला. पण तोंड? आम्ही बांगड्या भरणाऱ्या, सगळा जन्म खाली मान घालून हातच बघितले. देवाशपथ सांगते, तोंड काही केल्या समोर येईना.

अण्णा माझ्याकडं बघत होता.

"डावीकडं," मी ठासून सांगितलं. "ज्योतीवानीच."

"नक्की?"

"न्हाई तर काय! माझ्यासमोर बसायची की ती."

अण्णानं डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला. तेवढ्यात त्याच्या दुकानात कोणी गिऱ्हाईक आलं. मी हातानंच त्या गिऱ्हाइकाला थांब म्हणून खुणावलं.