पावसाळी तक्ता कोणी लिहिला?

गेल्या चार वर्षांत मी अकरा हजार स्कूटर चालू करून दिल्यात, आणि त्याही खुर्चीवरून न उठता. फुशारकी मारत नाही, ऑफिसच्या संगणकात आकडा आहे. एका स्कूटर कंपनीच्या मदतकेंद्रात मी फोनवर बसतो. गाडी अडली की लोक फोन करतात, मी प्रश्न विचारतो, ते उत्तरं देतात आणि गाडी सुरू होते. नाही झाली तर आम्ही मेकॅनिक पाठवतो. त्या गाड्या आकड्यात धरत नाहीत.

पावसाळ्यात तर आमचे फोन खाली ठेवायची सोय नसते. म्हणून मी, कोणी सांगितलेलं नसताना, एक 'पावसाळी तक्ता' लिहिला. ओली गाडी सुरू होत नसेल तर ग्राहकाला क्रमाने विचारायचे अकरा प्रश्न. त्याचं पहिलं वाक्य ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ आहे: 'घाबरू नका, आपण दोघं मिळून गाडी सुरू करू.' ह्या तक्त्याच्या जोरावर माझं नाव प्रशिक्षकाच्या जागेसाठी पुढे गेलं. दुसरं नाव होतं माझ्या शेजारच्या टेबलवरच्या बाईंचं. त्यांना सगळे 'साखर' म्हणतात. बोलणंच तसं आहे.

ही जागा मला हवी होती म्हणजे हवीच होती. प्रशिक्षकाला कानाला फोन लावावा लागत नाही. माझा उजवा कान चार वर्षं गुणगुणतोय. मागच्या महिन्यात जेवण झाल्यावर मी मुलीला विचारलं, "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" पोरगी आईकडे बघायला लागली.

"ही जागा मिळू दे," बायको म्हणाली. "निदान माणसासारखं बोलायला तरी लागाल."

मुलाखत दहाला, मोठ्या साहेबांसमोर. आणि साहेब दहाला दार लावून घेतात.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी खाली उतरलो तेव्हा आभाळ फाटलं होतं. डाव्या हातात छत्री धरली, किल्ली फिरवली, उजव्या अंगठ्याने बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. साधा खोकलासुद्धा नाही. तेरा वेळा दाबलं, मग मोजायचं सोडलं.

"काय झालं?" बायकोने वरच्या खिडकीतून विचारलं.

"काही नाही. तापवतोय."

बस आमच्या बाजूला तासाला एक, आणि ती नुकतीच गेली होती. म्हटलं, अरे, आपणच तर तक्ता लिहिलाय. पण तो तक्ता कायम समोरच्या भिंतीवर असतो. भिंत नसताना पहिल्या वाक्यापुढे काही आठवेना. 'घाबरू नका' एवढंच आठवत होतं, आणि नेमकं तेच जमत नव्हतं.

नऊ पंचवीस झाले. शेवटी मी आमच्याच मदतकेंद्राला फोन लावला.

पण तक्त्याचा कर्ता स्वतःची गाडी सुरू करू शकत नाही, हे कळलं असतं तर जागा गेलीच म्हणून समजा. गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे. मी सासऱ्यांसारखा खाकरलो, आवाज जाड केला, नावही त्यांचंच सांगितलं आणि फोन खांद्यात दाबून धरला. पलीकडे साखर. सकाळची पाळी तिची होती.

"घाबरू नका काका, आपण दोघं मिळून गाडी सुरू करू. किल्ली फिरवलीत?"

"फिरवली."

"पेट्रोल आहे?"

"आहे हो."

"बाजूचं स्टँड वर घेतलंय?"

"घेतलंय."

"आणि ब्रेक दाबून मग बटण दाबताय ना?"

"अहो ताई, वीस वर्षं गाडी चालवतोय मी. काय वाटेल ते विचारता?"

"बरं. मग सीटखालच्या वायरी कोरड्या फडक्याने पुसून घ्या."

"इथे माझा घसा सोडून काहीही कोरडं नाही."

"हरकत नाही काका. प्लगची टोपी काढून फुंकर मारा."

"प्लग कुठे असतो?" मी विचारलं. विचारलं आणि हादरलो. हजारो लोकांना मी ती टोपी काढायला लावली होती, पण ती कुठे असते ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. साडेनऊ वाजून गेले होते. माझं डोकं फिरलं.

"हा तक्ता कुठल्या गाढवाने लिहिलाय?"

"आमच्या एका अनुभवी सहकाऱ्यांनी," साखर गोड आवाजात म्हणाली.

तेवढ्यात डोक्यावर टॉवेल घेऊन बायको खाली आली. तिने माझ्याकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं.

"अहो, ती छत्री द्या इकडे. आणि ब्रेक दाबा."

छत्री दिली. डावा हात आपोआप ब्रेकवर गेला. बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"काका, आपल्याला आणखी काही मदत..."

मी फोन कापला.

दहाला दोन मिनिटं कमी असताना मी साहेबांच्या खोलीत शिरलो. छत्री घरीच राहिली होती, त्यामुळे जिथे उभा राहीन तिथे तळं साचत होतं. साखर आधीच येऊन बसली होती. कोरडी.

"मुलाखत वगैरे काही नाही," साहेब म्हणाले. "आज सकाळचा एक फोन ऐकवतो. चूक कोणाची, ते दोघांनी सांगा."

त्यांनी बटण दाबलं आणि खोलीत माझे सासरे खाकरले.

ऐकता ऐकता साहेब हसत होते. 'गाढवा'पाशी मात्र थांबले.

"हा तक्ता लिहिला कोणी?"

मी हात वर केला. बाहीतून पाणी टेबलावर पडलं.

"मग तुमचं म्हणणं काय?"

संशय येऊ नये म्हणून मी ग्राहकावर तुटून पडलो. म्हटलं, "साहेब, चूक सरळ ग्राहकाची. वीस वर्षं गाडी चालवून ब्रेक दाबायचं कळत नाही, वर खोटं बोलतो, वर उर्मटपणा. असल्या माणसाला गाडी विकायचीच कशाला?"

"तुमचं?" साहेबांनी साखरेला विचारलं.

"ते काका घाबरले होते, सर. एका हातात छत्री, फोन खांद्यात. ब्रेक दाबणार कशाने? तक्ता कोरड्या खोलीत बसून लिहिलाय, त्यात छत्रीचा प्रश्नच नाही." एवढं बोलून तिने माझ्या बाहीकडे पाहिलं.

साहेबांनी मान डोलावली. "पटलं. त्या गृहस्थांची माफी मागायला हवी. फोन आला त्याच नंबरवर लावतो."

मी काही बोलायच्या आत त्यांनी नंबर फिरवला. माझ्या खिशात फोन वाजायला लागला.

घाईघाईने बाहेर काढला, पण ओल्या अंगठ्याने तो बंद होईना. मी दाबतोय, पुसतोय, शर्टाला घासतोय, शर्ट त्याहून ओला. साहेब कानाला फोन लावून माझ्याकडे बघत बसले होते. साखर माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "घाबरू नका. आपण दोघं मिळून उचलू."

संध्याकाळी घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "काय झालं?"

"आपली विनंती नोंदवून घेतली आहे," मी म्हणालो.

ती काय समजायचं ते समजली.